इंदरआत्याचा डबा

आत्या गेली, हे मला सुनिता वहिनीनं फोनवर सांगितलं. मी नांदेडला, सकाळच्या कॉलेजच्या गडबडीत, ओट्यापाशी उभी होते. "मंगलताई, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली, आणि मी गॅस बंद केला. मिळेल ती गाडी धरून लातूर गाठलं, तिथून जीप केली, आणि गावात पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आत्याला तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये खाली घोंगडीवर ठेवलं होतं. बायका भोवती बसलेल्या. आंघोळीला उचलायचं म्हणून चारजणी पुढं झाल्या, आणि त्या दाटीत कुणाचं तरी कोपर भिंतीवरच्या फळीला लागलं. फळीवर उपड्या तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, अशी आत्याची भांडी रचलेली होती. ती सगळी खणखणत खाली आली, आणि पुढच्या क्षणी शेडमध्ये एकही माणूस नव्हतं.

बाहेरच्यांना हे सांगितलं की त्यांना हसावं की काय करावं कळत नाही. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाल्यापासून आमच्याकडं घराघरात अशी भांडी रचून ठेवतात. जमीन जरा हलली तरी वरची वाटी पडते, आणि भांडं वाजलं की बाहेर पळायचं, एवढा एकच नियम. लेकरांना बोलायच्या आधी हा नियम येतो. मी वीस-बावीस वर्षं नांदेडात राहते, भूगोल शिकवते, तरी मीही त्या बायकांबरोबर अंगणात उभी होते, अनवाणी. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघतोय. मग वहिनी हळूच म्हणाली, "अगं बाई... आत्या आतच राहिल्या की." जन्मभर सगळ्यांच्या आधी बाहेर येणारी बाई, आणि त्या दिवशी तिला एकटीला आत टाकून आम्ही बाहेर आलो होतो. खाली माना घालून परत आत गेलो, आणि वाटी कुठं घरंगळली ते मी शोधत बसले.

इंदरआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दिलेली गावातच. भूकंप झाला त्या पहाटे ती पाणी प्यायला उठली होती. घर माळवदाचं, दगडाच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं ओझं. आत्या बाहेर राहिली, आणि आत तिचे मालक आणि नुकतीच शाळेत जायला लागलेली लेक सुमन. याबद्दल ती जन्मात एकच वाक्य बोलली. "मी दाराशी होते." त्यापुढं कुणी काही विचारलं की ती उठून गोठ्यात जायची. आम्ही तेव्हा लातूरला भाड्याच्या खोलीत होतो. पुढं गाव नव्या जागी वसलं, वडिलांनी तिथं बस्तान हलवलं आणि बहिणीला आपल्याजवळ आणलं. वडील गेल्यावर माझ्या भावानं, सुभाषदादानं, आणि वहिनीनं तिला सांभाळलं. म्हणजे आम्ही तसं म्हणायचो. खरं तर तीच त्या दोघांना सांभाळायची.

नव्या गावात तिला सरकारी घर मिळालं, चांगलं मजबूत. आत्यानं त्यात सोयाबीनची पोती ठेवली आणि पुढं पत्र्याचं शेड घालून त्यात राहिली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पाच मिनिटं बसवत नाही. मी कटकट केली की म्हणायची, "पत्रा पडला तर खोक पडती, मंगे. टाके घालता येतात." दाराला कडी कधी लावली नाही. थंडीत कुत्री आत येऊन तिच्या पायापाशी झोपायची, तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. माझ्या नांदेडच्या फ्लॅटची वास्तुशांत होती तेव्हा ती आली, पण तिसऱ्या मजल्यावर काही चढली नाही. खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली, ताट मी तिथं नेऊन दिलं. माझा जीव नुसता चडफडत होता, सगळे पाहुणे विचारणार. आमचे हे हदगावचे, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "आत्या, वर कामून नाही येऊन राहिल्या? बिल्डिंग नवी आहे." आत्या म्हणाली, "नवी हाय म्हणूनच, जावईबापू. जुनी असती तर एकदा तरी टिकलेली दिसली असती." यांना हसू आवरेना. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. ऑपरेशनची जागा आणि पेशंटच्या खोल्या चौथ्या मजल्यावर. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, पदर सावरला आणि म्हणाली, "चौथा मजला व्हय? मग राहू द्या." दादाचे हात जोडून झाले, वहिनीचं रडून झालं. माझं चिडून झालं. तळमजल्यावरचा दवाखाना शोधू म्हटलं तर तिचं गणित तयारच होतं. "खालच्या मजल्यावर म्हणजे तर समदी बिल्डिंग डोक्यावर." डॉक्टर म्हणाले, नाही केलं तर वर्ष निघणं अवघड आहे. त्यांनी ते तिच्यासमोरच सांगितलं, आणि ती त्यांना म्हणाली, "तुमचं बरोबर हाय, डॉक्टरसाहेब." आणि उठून बाहेर झाडाखाली जाऊन बसली.

त्या वेळी तो डबा माझ्या कपाटात होता. वर्गात दाखवायला ऑनलाइन मागवलेला, अगदी स्वस्तातला. पुठ्ठ्याचं खोकं, आत दोन भिंगं, मागं इलॅस्टिकचा पट्टा. पुढचं झाकण उघडून त्यात आपला फोन बसवायचा आणि डोळ्यांना लावायचं. मग समोरचं सगळं जातं आणि फोनमधली जागा आपल्या भोवती उभी राहते. मान वळवली की मागचं दिसतं, वर केली की छत. माझ्या वर्गातल्या पोरांनी त्यात ज्वालामुखी बघून खुर्च्या मागं सारल्या होत्या. मला वाटलं, दवाखान्यातल्या त्या खोलीची सवय आत्याला इथंच, पत्र्याखाली बसून लागली तर? भीती अशी थोडी थोडी सवय करून घालवतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. फोनमध्ये तशी सोय असते, जागेवर उभं राहून हळूहळू गोल फिरायचं, भोवतालचं सगळं टिपलं जातं, आणि त्याच वेळी आपण बोललो तर तेही. दवाखान्यातल्या सिस्टर भल्या होत्या. त्यांनी एक रिकामी खोली उघडून दिली आणि मी गोल फिरले... आत्या, ही खिडकी. ही कॉट. हे दार.

पहिल्या वेळी आत्यानं मोठ्या उत्साहानं डबा लावला. इकडं बघ, तिकडं बघ, असं मी सांगत होते. तिनं मान वर केली, आणि वर तो स्लॅब. तिनं डबा ओढून फेकला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. तोंडाला पाणी लावलं, परत आली, आणि मला म्हणाली, "भांडं कुठाय तिथं? खोलीत भांडंच न्हाई. माणसाला कळायचं कसं?" दादा म्हणाला, झालं, खेळ संपला. पण मी हट्टाला पेटले. आठवड्यानं परत लातूरला गेले, पिशवीत तांब्या, पेला, वाटी घेऊन. कॉटजवळच्या कपाटावर रचून ठेवली, दार सताड उघडं केलं. सिस्टर तोंडाला हात लावून हसत होत्या. मी दाराशी उभी राहिले आणि गोल फिरत बोलले, "आत्या, हे बघ तुझं भांडं. हे दार, उघडंच हाय, कुणी लावत न्हाई. आणि मी दाराशीच उभी हाय." शाळा-कॉलेजात माझी भाषा वेगळी असते, पण आत्याशी बोलताना मला हाय-न्हाईच येतं.

या खेपेला मात्र जादू झाल्यासारखं झालं. तिनं डबा लावला आणि शांत बसून राहिली. हात माझ्या मनगटावर. "दिसायलं का?" मी विचारलं. "दिसायलंय की." "खिडकी?" "हाव, खिडकी." संपलं की म्हणायची, "परत लाव." मी सुट्टीच्या दिवशी गावाकडं गेले की ती आपणहून म्हणायची, आण तुझा डबा. फोन माझा असल्यामुळं डबा तिच्या उशाशी आणि फोन माझ्या पर्समध्ये, असं चालायचं. एकदा मी गमतीनं विचारलं, भिंतीवर काय लावलंय सांग. म्हणाली, "देवाचा फोटो." भिंतीवर घड्याळ होतं. मी हसले, म्हटलं चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. ती पण हसली. महिन्याभरात तिनं स्वतः दादाला सांगितलं, "गाडी बघ. जाऊ या लातूरला."

आणि ती गेली. जिन्यानं गेली, लिफ्ट नको म्हणाली, एका एका पायरीवर थांबत, माझा हात धरून. ऑपरेशन चांगलं झालं. ती त्या खोलीत राहिली तेवढे दिवस जरा उठता यायला लागल्यावर दाराजवळ जमिनीवर चटई टाकून बसायची. जमिनीची सवय हाय म्हणायची. आम्हाला ते पटलं. गावाकडची बाई, तिला कॉटवर कुठं झोप येणार? डॉक्टरांना मी डबा दाखवला, त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, कमाल केलीत मॅडम. मी तर सुटलेच. कॉलेजात सांगितलं, शेजारणींना सांगितलं, आमच्या शिक्षकांच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावर उभं राहून सांगितलं. पुठ्ठ्याच्या खोक्यानं एका बाईची इतक्या वर्षांची भीती कशी गेली, हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुगून गेले होते मी नुसती.

वर्ष-सव्वा वर्ष चांगलं गेलं. आत्या परत शेतात जायला लागली, वहिनीशी भांडायला लागली, तेव्हा बरी झाली हे आम्हाला पटलं. मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दुखणं परत वर आलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा, परत उघडावं लागेल, आशा आहे. या वेळी मला काळजी नव्हती, खरं सांगते. मी फोन चार्ज करून गावाकडं निघाले. जाताना लातूरला उतरून नवी खोली टिपून घेतली, भांड्यांसकट. आत्या शेडमध्ये, ऑपरेशननंतर दादानं आणलेल्या कॉटवर बसली होती, तोंड उतरलेलं, पण मला बघून हसली. मी डब्यात फोन घातला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो मांडीवर ठेवला.

"मंगे, बस हितं. तुला एक सांगते. रागावू नको."

मी बसले.

"मी यातलं कायबी बघितलं न्हाई. ती एक पहिली बारी सोडली तर. डोळे मिटून बसत होते."

मला आधी कळेचना ती काय बोलतेय. म्हटलं, अगं, महिनाभर तू...

"तुमाला डब्यातले डोळे दिसत न्हाईत की," ती म्हणाली. "लई सोयीचं होतं बघ."

"मग तू तिथं गेलीस कशी? राहिलीस कशी?"

"तशीच. भीत भीत. जमिनीवर बसून भांड्याकडं बघत ऱ्हायचं. उजाडलं की वाटायचं, आजचं निभावलं." तिनं डब्याचा पट्टा सरळ केला. "तू म्हणत होतीस न्हवं त्यात, मी दाराशी उभी हाय म्हणून. तेवढं ऐकायला परत परत लावायला सांगत होते. तुझी एवढी धडपड चाललेली. तू भांडी घेऊन लातूरला गेलीस. तुझं मन कसं मोडू?"

"आणि आता?"

"आता न्हाई. एकदा गेले तुझ्यासाठी. आता मला ह्या पत्र्याखाली राहू दे."

रागावू नको म्हणाली होती, पण मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले. लबाड बाई. महिनाभर आम्हाला झुलवलं, डॉक्टरांना झुलवलं, मला व्यासपीठावर उभं करून खोटं बोलायला लावलं. आणि अंगणात उभी असताना मला दुसरं सुचलं, ते जास्त वाईट होतं. मी समजत होते की तिची भीती गेली आणि मग ती आत गेली. भीती कुठंही गेली नव्हती. ती सगळीच्या सगळी घेऊन ही बाई चार जिने चढली, त्या स्लॅबखाली झोपेविना राहिली, आणि आमच्यापैकी एकालाही कळू दिलं नाही. मी तिच्या शेजारी होते. चटईवर बसलेली दिसत होती. मान हलवून म्हणत होते, गावाकडची सवय.

त्यानंतर आम्ही कमी भांडलो का? दादा भांडला, मी भांडले. झोपेचं औषध देऊन नेऊ, असंही एकदा दादाच्या तोंडून निघून गेलं. आत्या त्याला म्हणाली, "आणि जाग आली की, सुभाष?" डॉक्टरांनी घरी घ्यायची औषधं दिली, त्यानं दुखणं दबायचं. मी सुट्टीला सुट्टी जोडून नांदेड-लातूर करत राहिले. प्रत्येक वेळी वाटायचं, आज ऐकेल. ती माझ्याशी गोडच बोलायची, कॉलेजचं विचारायची. एकदा म्हणाली, "भूकंप का होतात ते सांग गं परत, ते पोरांना शिकवतीस ते." मी सांगितलं, जमिनीखाली मोठमोठ्या थाळ्या असतात, त्या सरकतात, कुठंतरी ताण साचतो... ती ऐकत होती. "आणि साचलेलं कधी निघंल ते कळत न्हाई?" नाही म्हटलं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. "बरं," म्हणाली, आणि पाणी मागितलं.

तिला आम्ही जबरदस्तीनं न्यायला हवं होतं का? हा प्रश्न मला आजही सोडत नाही. नेलं असतं तर कदाचित अजून काही वर्षं जगली असती. ती वर्षं तिनं माझ्यावर विश्वास न ठेवता काढली असती, तेही मला कळतं. पण कळून काय करू? माझी आत्या नाही, आणि तिचा मला राग येतो, आणि राग आला की रडू येतं. लोक म्हणतात, शांत मरण आलं, आपल्या जागी गेली. हो, गेली. मी मान हलवते. शांत असलेलं मला काहीच सापडत नाही.

तेराव्याला मी गावाकडं होते. पंगती उठल्यावर वहिनीनं मला बाजूला घेऊन आत्याचं एक लुगडं दिलं, आणि तो डबा. पुठ्ठा कडेनं मऊ झालेला, कपाळ टेकतं तिथं तेलाचा डाग. "तुमचा हाय, घेऊन जावा," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी सांजच्याला मागितला होता त्यांनी. मी म्हणलं, ताईंचा फोन तर नांदेडला हाय, माझा घालून देऊ का? तर म्हणल्या, फोन नको, नुसता डबा दे. डोळ्याला धरून बसल्या कॉटवर. दाराकडं तोंड करून. मी दारातून विचारलं, काय दिसायलंय आत्या? माझ्याकडं तोंड करून नुसत्या हसल्या."

फोन नसेल तर डब्यात काहीच दिसत नाही, असं मी वहिनीला सांगणार होते. सांगितलं नाही. ती चहा ठेवायला गेली तेव्हा मी आत्याच्या कॉटवर जाऊन बसले. फळीवर तांब्या, पेला, वाटी परत रचून ठेवलेली होती, दादानं ठेवली असावी. मी डब्याचं पुढचं झाकण उघडं टाकलं आणि रिकामा डबा डोळ्यांना लावला. शेड गेलं, पत्रा गेला, भिंती गेल्या. त्या भिंगांतून लांबचं काही धड दिसत नाही, सगळं विरघळतं. समोर फक्त एक उभा उजेड होता. उघडं दार. ती एवढंच बघत बसली होती का? की त्याही संध्याकाळी तिनं डोळे मिटलेलेच होते? ते आता कळायला काही मार्ग नाही.

तेवढ्यात उजेडात कुणीतरी येऊन थांबलं. बाई की माणूस, लहान की मोठं, काही ओळखू येत नव्हतं. दाराशी कुणीतरी उभं आहे, एवढं मात्र चांगलं कळत होतं. "ताई, चहा," वहिनीचा आवाज आला, आणि ती आत यायला लागली.

"वहिनी," मी डबा न काढता म्हटलं, "तिथंच उभी राहा जरा."